श्वासाची जागा

ईस्टरनंतरच्या तिसऱ्या रविवारी, सकाळच्या उपासनेत, पनवेलजवळच्या सुकापूरमधल्या आमच्या मंडळीने एक भजन ओळीच्या मध्यात थांबवले. थांबणे एका श्वासाएवढे होते. थांबा, असे कोणी म्हटले नव्हते. कीबोर्ड वाजत राहिला, त्यावर लावलेला तालही चालू राहिला, आणि हॉलमधले सगळे गप्प झाले. मग सगळ्यांनी पुढचा शब्द एकदम उचलला. तोवर कीबोर्ड पुढे निघून गेला होता.

मी या मंडळीचा पाळक आहे. त्याआधी काही वर्षे एका वृत्तपत्रात उपसंपादक होतो. जे दिसले आणि ऐकू आले ते आधी लिहायचे, अर्थ नंतर पाहायचा, ही तिथली सवय राहिली आहे. त्या रविवारचा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता. म्हणून आधी घडलेले सांगतो.

भजन साधे आहे. येशूच्या मागे चालणाऱ्या माणसाचे आहे. ते कोणी रचले हे मंडळीत कोणाला माहीत नाही. ध्रुपदाची ओळ अशी: ‘तुझ्या मागे येतो देवा, पुढची वाट दिसत नाही.’ यातल्या ‘पुढची’ आणि ‘वाट’ या दोन शब्दांमध्ये थांबायचे काही कारण नाही. थांबले तर अर्थ तुटतो आणि तालही तुटतो. आमच्याकडे तिथे थांबतात.

हे भजन नगरकडच्या एका खेड्यातून पनवेलला आणले ते बस डेपोतल्या एका मेकॅनिकने. मंडळी त्यांना काका म्हणते. मंडळी लहान होती, कोणाच्या तरी घरी जमायची, तेव्हापासून भजन उचलायचे काम त्यांचे. आमच्यात ओळ आधी एकाने म्हणायची आणि मग सगळ्यांनी, अशी रीत आहे. गीतांची पुस्तके आहेत, पण अनेकांना वाचता येत नाही, आणि ज्यांना येते तेही पुस्तक मिटूनच गातात. त्यामुळे शब्द, चाल आणि श्वास हे तिन्ही लोकांनी काकांच्या तोंडूनच घेतले. काका सतरंजीवर मंडळीकडे तोंड करून बसत. पेटी पुढ्यात असे. ‘पुढची’ म्हणून झाले की ते श्वास घेत आणि मग ‘वाट’ म्हणत. मंडळीही तसेच करी. मी आलो तेव्हा हे असेच चालू होते, आणि मीही तसेच गाऊ लागलो.

गेल्या पावसाळ्यात काकांच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढून टाकावे लागले. आता त्यांचा श्वास नाकातोंडातून जात नाही. गळ्याच्या खालच्या बाजूला छिद्र ठेवले आहे, त्यातून जातो. खोकलाही तिथूनच येतो. त्यावर ते पांढरे पातळ कापड बांधतात. बोलायचे झाले तर नातीची लिहून पुसायची पाटी वापरतात.

नाताळच्या आधी मी त्यांच्या घरी गेलो. घर जुन्या पनवेलमध्ये, स्टँडच्या मागे आहे. काका खिडकीत बसले होते. पेटी कापडात गुंडाळून दाराशी ठेवलेली होती. त्यांनी पाटीवर लिहिले, ‘पेटी घेऊन जा.’

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. “पेटी न्या, पाळकसाहेब, आणि यांनाही न्या. दिवसभर खिडकीत बसतात. कुठल्या गाडीचा क्लच गेलाय ते पाटीवर लिहून मला दाखवतात. मला काय करायचंय क्लचचं?”

काका हसले. हसण्याचा आवाज आला नाही. गळ्यावरचे कापड भराभर हलले.

मी म्हटले, “नाताळच्या उपासनेला या. नुसते बसा.”

त्यांनी लिहिले, ‘खोकला आला तर?’

“आला तर खोका,” काकू म्हणाल्या. “पोरं रडतात, मोबाईल वाजतात, प्रार्थनेत घोरणारेही आहेत आपल्यात. तुम्ही त्यांच्यातले नाही, असं नका समजू.”

काकांनी पाटी पुसली. मग लिहिले, ‘ती जागा गाणाऱ्याची. मी आता कोण?’

या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर होते. पाळकाकडे असते. मी ते दिले नाही. पेटी उचलली, प्रार्थना केली आणि निघालो. नाताळला काकू एकट्या आल्या. त्यानंतर रविवारमागून रविवार त्या एकट्याच येत राहिल्या. काका कुठे आहेत असे विचारले की म्हणत, “वडाळे तळ्यावर फिरायला जातात. माणसं नसतात ना तिथे. रविवारीच बरी आठवण होते फिरण्याची.”

भजनाचे काम एका तरुणीकडे आले. ती खारघरच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. नाशिकहून आली ती शस्त्रक्रियेनंतर, त्यामुळे काकांना तिने कधी ऐकले नव्हते. ती कीबोर्ड वाजवते, सुरात पक्की आहे आणि चूक चालवून घेत नाही. दुसऱ्याच शनिवारच्या सरावात तिने विचारले, “पास्टर, हे लोक मधेच का थांबतात? तिथे सिग्नल आहे का?”

मी म्हटले, “जुनी सवय आहे.”

“मग मोडू या.”

तिने ती मोडायचे ठरवले. शनिवारी सरावाला येणाऱ्यांकडून ती ओळ न थांबता पुन्हा पुन्हा म्हणून घेतली. शनिवारी ती बरोबर यायची. रविवारी मंडळी थांबायची, आणि शनिवारी सराव केलेलेही थांबायचे. मग तिने कीबोर्डवर ताल लावून ठेवला. ताल थांबत नाही तर माणसेही थांबणार नाहीत, असा तिचा हिशेब होता. त्याचे काय झाले ते सुरुवातीला सांगितले आहे.

उपासना संपल्यावर ती माझ्याकडे आली. रागावलेली नव्हती. “पास्टर, आज मीही थांबले,” ती म्हणाली. “बोटं चालू होती आणि तोंड बंद झालं. मीच शिकवतेय आणि मीच थांबले.”

त्या वेळी जिन्याजवळ एक बाई चपला शोधत होती. डोंगराकडच्या वाडीतली. पूर्वी वीटभट्टीवर जायची, आता उलव्यात इमारतींच्या कामावर जाते. आमच्याकडे यायला लागून तिला थोडेच महिने झाले होते. काकांना तिने पाहिलेलेही नाही. मी तिला विचारले, “तुम्ही त्या ओळीत का थांबता?”

“सगली थांबतात ना,” ती म्हणाली. “मंग आमी पन थांबतो. तुमी नाय थांबत?”

मी थांबलो होतो. तसे तिला सांगितले.

“मंग इचारता कशाला?” ती म्हणाली आणि तिला चप्पल सापडली.

आमचा हॉल पहिल्या मजल्यावर आहे. खाली नळ, पाइप आणि रंगाचे दुकान आहे. दुकान आणि हॉल दोन्ही एकाच मालकाचे. ते पनवेलचे जुने मुसलमान दुकानदार, तरुणपणी काही वर्षे आखातात होते. जिना इमारतीच्या मागून असल्याने वर जाणाऱ्याला दुकानाचा आतला भाग दिसत नाही. त्याच आठवड्यात मी नळाचा वॉशर घ्यायला दुकानात गेलो. त्यांनी वॉशर काउंटरवर ठेवला आणि त्यावर हात ठेवून म्हणाले, “पास्टरसाब, एक बात बोलू? तुमचे ते बुजुर्ग, पेटीवाले, दर इतवारी इथे बसतात.”

“इथे कुठे?”

त्यांनी आतले स्टूल दाखवले. रंगाच्या डब्यांच्या दोन रांगांमध्ये ते होते. “तुमची इबादत सुरू व्हायच्या आधी येतात, संपायच्या आधी जातात. कुणाला सांगू नका म्हणून पाटीवर लिहून दाखवलं. मी हो म्हटलं. आज बोललो, अल्ला माफ करो.”

“ते काय करतात इथे?”

“वर बघत बसतात. छताकडे. गाणं तर आता मलाही पाठ झालंय. घरी गुणगुणतो तर बीवी म्हणते, मधेच दम का घेता, दमा झालाय का?” त्यांनी तिथल्या तिथे ती ओळ हलक्या आवाजात म्हणून दाखवली. ‘पुढची’नंतर ते थांबले. मग ‘वाट’ म्हणाले. वॉशरवरचा हात त्यांनी मग उचलला.

मी वर हॉलमध्ये जाऊन बसलो. हॉल रिकामा होता. पुढच्या रविवारच्या संदेशाची तयारी करायची होती. येशूने एका बहिऱ्या आणि तोतऱ्या माणसाला बरे केले, तो भाग होता. तो मी अनेकदा वाचला आहे आणि त्यावर अनेकदा बोललो आहे. त्यात येशू त्या माणसाला गर्दीतून बाजूला नेतो, त्याच्या कानांत बोटे घालतो, जिभेला स्पर्श करतो आणि वर पाहतो. शब्द, ‘मोकळा हो’, त्यानंतर येतो. शब्दाच्या आधी तो उसासा टाकतो.

बातमीत श्वास लिहीत नाहीत. कोण काय बोलले ते लिहितात. बोलण्याआधी कोणी उसासा टाकला असेल तर तो पहिल्याच वाचनात खोडला जातो; मीही असे पुष्कळ खोडले आहे. इथे लिहिणाऱ्याने तो ठेवला होता. त्या ठिकाणी जे हजर होते त्यांनी तो ऐकला असणार, आणि पुढे सांगताना दर वेळी तो सांगितला असणार. ज्यांनी येशूला पाहिले नव्हते त्यांच्याही सांगण्यात तो आला असणार. तसा येत येत तो मराठीत आला आणि सुकापूरला माझ्या टेबलावर पोचला. येशूच्या मागे चालणे म्हणजे त्याचे शब्द पाळणे, असे मी मंडळीला शिकवत आलो होतो. उलव्याच्या कामावरून आलेल्या त्या बाईने, न पाहिलेल्या माणसाचा श्वास जसाच्या तसा घेतला होता. मला त्या दुपारी संदेश लिहिता आला नाही. मी खुर्चीवरून उठून जमिनीवर बसलो.

संध्याकाळी मी त्या परिचारिकेला फोन करून काका कुठे बसतात ते सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे मी ते मोडत होते ते त्यांना खाली ऐकू येत होतं?”

“हो.”

“रविवारी मी लवकर येते. तुम्हीही या, पण बोलू नका.”

रविवारी आम्ही दोघे दुकानात गेलो. काका स्टुलावर होते. आम्हाला पाहून ते उठायला लागले आणि त्यांना खोकला आला. त्यांनी कापड हाताने दाबून धरले आणि पाठ वळवली.

“काका, खोकल्याचं माझ्यापुढे नका लपवू. माझी ड्यूटीच ती आहे,” ती म्हणाली. खोकला थांबेपर्यंत ती थांबली. “त्या ओळीत किती थांबायचं ते मला कळत नाही. लोक थांबतात, पण आता एकसारखं नाही राहिलं. पुढचे आधी सुटतात, मागचे मागून. वर या आणि दाखवा.”

काकांनी पाटी घेतली. ‘ती चूक आहे. जुन्या पेटीचा भाता गळका होता. तिथे हवा संपायची. भरायला थांबत होतो. नवी पेटी आली तरी सवय गेली नाही. तू काढतेस ते बरोबर. काढून टाक.’

तिने ते दोनदा वाचले. “काढून बघितली, काका. निघत नाही.”

दुकानदार काउंटरवरून म्हणाले, “माझ्यातूनही निघत नाही, चाचा.”

काकांनी लिहिले, ‘मला गाता येत नाही.’

“गायला वर सगळे आहेत,” ती म्हणाली. “श्वास घ्यायला कोणी नाही.”

“जा, चाचा, जा,” दुकानदार म्हणाले. “वर पंखाही चांगला आहे. मीच लावलाय.”

काकांनी पाटी पुसली. पाटी स्टुलावर ठेवून ते दुकानाबाहेर आले आणि इमारतीच्या मागच्या बाजूला वळले.

हॉलमध्ये मंडळी जमत होती. काकू बायकांमध्ये बसल्या होत्या. त्यांनी काकांना दारात पाहिले. “तळं आटलं वाटतं,” त्या शेजारणीला म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

परिचारिकेने कीबोर्डवरचा ताल बंद केला. पेटी सतरंजीवर आणून ठेवली. काका पेटीमागे, मंडळीकडे तोंड करून बसले. त्यांनी भाता सोडवला आणि सूर धरला. पहिली ओळ तिने म्हटली, मंडळीने म्हटली. मग ध्रुपद आले. ‘तुझ्या मागे येतो देवा, पुढची’ इथपर्यंत सगळ्यांनी म्हटले आणि सगळे थांबले. काकांच्या गळ्यावरचे पांढरे कापड एकदा आत गेले आणि बाहेर आले. मग मंडळीने पुढचा शब्द घेतला.