एकदा उभी राहून बघ

दादा गेल्यापासून घरात किस्से साचायला लागलेत. भेटायला येणारा आधी फोटोला हात जोडतो. चहा अर्धा संपला की म्हणतो, "एकदा काय झालं, तुझा दादा ती फळी घेऊन..." आई पदर तोंडाला लावते. हसते का रडते, कळत नाही. मी लिहिणारा माणूस नाही, शाळा सहावीतच सोडली. पण लोक उठून जातात आणि किस्से माझ्यापाशी राहतात. ते कुठं ठेवू?

फळी म्हणजे स्केटबोर्ड. मखमलाबादकडं आमचा झेंडूचा मळा आहे. दादा पहाटे टेम्पोतून फुलं पंचवटीत पोचवायचा आणि संध्याकाळी फळी काखेत मारून निघायचा. पोरगा असताना शिकला, चौतीस वर्षांचा झाला तरी सोडली नाही.

*

शेजारचे आप्पा बसायला आले. म्हणाले, "शेवटी त्या फळीनंच घात केला."

"डेंग्यूनं गेला," मी म्हणालो.

"तेच ते. त्या वयात असलं शरीराला झेपत नाय."

"डास काय फळीवर बसून आला होता का?"

मी उठलोच होतो. आईनं मागून माझा शर्ट धरला. "बस खाली. त्यांना बी तोच आठवतोय."

*

दादाला बघायला पाहुणे आले होते. मुलीच्या वडिलांचा पाय दारातल्या फळीवर पडता पडता राहिला.

"घरात लहान मूल हाय का?" त्यांनी विचारलं.

"नाय, माझी हाय ती," दादा म्हणाला.

पोहे आले, पोहे संपले. निघताना ते नानांना, म्हणजे आमच्या चुलत्यांना, बाजूला घेऊन म्हणाले, "आम्हाला वाटलं मुलगा मोठा हाय."

नाना महिनाभर दादाशी बोलले नाहीत. दादाला वाईट वाटलं होतं, मला माहीत आहे. त्या संध्याकाळी तो फळी न घेताच बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी मात्र घेऊन गेला.

*

कॉलेज रोडकडं नवीन स्केटिंगचं मैदान झालं, तिथं मला घेऊन गेला. वॉचमननं दादाला अडवलं. "पालकांनी बाहेर थांबायचं."

दादा भांडला नाही. माझ्याकडं बोट करून म्हणाला, "हा माझा मुलगा. याला एकटं सोडता येत नाय."

मला तेव्हा चांगल्या मिशा होत्या. वॉचमननं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा दादाकडं, आणि गेट उघडलं.

आमचे वडील मी लहान असतानाच गेले. तेव्हापासून शाळेत, दवाखान्यात, पोलीस चौकीत, सगळीकडं माझ्यासोबत दादाच उभा असायचा. म्हणून त्या दिवशी मी हसलो नाही.

*

खंडेनवमीला आमच्याकडं विळे, खुरपी, फवारणीचा पंप, टेम्पो, सगळ्यांची पूजा होते. आई एकेक हत्यार पुसते, तेलाचं बोट फिरवते, हळदकुंकू लावते. एका वर्षी दादानं फळीही त्या रांगेत ठेवली. आईनं तिला झेंडूची माळ घातली, आणि फळीच्या वरच्या खरखरीत कागदावर, जिथं पाय रोवायचा असतो, तिथं मनापासून तेल चोळलं.

दुसऱ्या दिवशी दादा कोपर सोलून घरी आला.

"कशानं पडलास?" आईनं विचारलं.

"पूजेनं."

त्या रात्री हळद लावताना तो म्हणाला, "आई, एकदा उभी राहून बघ. मी हात धरतो."

"माझं वय हाय का?"

"माझं तरी कुठं हाय?"

मग दर दसऱ्याला तो विचारायचा. आईचं उत्तर ठरलेलं असायचं, "पुढच्या वर्षी."

*

एकदा टेम्पोत मी त्याला विचारलं, "कधी सोडणार रे?" गुडघे दुखायचे त्याचे. उड्या तर त्यानं कधीच बंद केल्या होत्या.

म्हणाला, "दिवसभर डोक्यात शंभर कामं असतात. फळीवर एकच असतं. पडायचं नाय."

मग गिअर बदलत म्हणाला, "आणि पडलो तरी घरी आई हळद लावती."

*

दहाव्याला गोदावरीच्या घाटावर पिंड ठेवला. शेजारी त्याच्या आवडीची भजी, आणि फळी. कावळा शिवल्यावर फळी नदीत सोडायची, असं नानांनी ठरवलं होतं. "जिवाची वस्तू घरात नको. त्याचा जीव अडकतो."

"नाय सोडायची," मी म्हणालो.

"बारक्या, आज तरी गप."

कावळे कठड्यावर बसले होते, खाली येत नव्हते. नाना हात जोडून म्हणाले, "बारक्याचं लग्न लावून देतो." एकही हलला नाही. मी म्हणालो, "आईला सांभाळीन." मग म्हणालो, "फळी मी चालवीन, दादा." तरी नाही. ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले.

तेव्हा आई उठली. तिनं फळी उचलून बाजूच्या सपाट फरशीवर ठेवली. चपला काढल्या.

"वहिनी, काय करताय?" नाना म्हणाले.

आईनं एका हातानं माझा खांदा धरला, दुसरा माझ्या हातात दिला. एक पाय ठेवला, मग दुसरा. फळी जराशी सरकली, तशी तिची बोटं माझ्या खांद्यात रुतली. सगळे तिच्याकडंच बघत होते. मागं कावळा कधी उतरला, कुणी पाहिलंच नाही.

"शिवला," गुरुजी म्हणाले.

नाना फळी घ्यायला पुढं झाले. आई उतरली नाही.

"बारक्या," ती म्हणाली, "हात सोडू नको. जरा पुढं ढकल."