चिपीचं विमान आणि साडूची विहीर

साडू रोज सकाळी समुद्राचा फोटो पाठवतो. शब्द एकही नाही, नुसता फोटो. त्या वेळी मी जालना रोडला करमाडच्या पुढं कुठल्यातरी माळावर बोअरच्या गाडीशेजारी धूळ खात उभा असतो. खिशात फोन थरथरतो, उघडून बघावं तर निळंशार पाणी. मी अंगठा पाठवून देतो. अंगठ्याला काय लागतं, जळतं ते छातीत.

विलासराव म्हणजे माझ्या बायकोच्या, मंगलच्या, थोरल्या बहिणीचे यजमान. जालन्याला बँकेत होते. मी बोअरच्या गाडीवर पाइप उचलणारा गडी होतो, आज माझ्या स्वतःच्या दोन गाड्या आहेत. तरी सासरे शेवटपर्यंत पाहुण्यांना ओळख करून द्यायचे, "हे आमचे बँकेतले जावई," आणि मग माझ्याकडं वळून, "आन् हे पाण्याचं बघत्यात." चार वर्षांपूर्वी विलासरावांनी नोकरी सोडली, कोकणात भोगव्याजवळ घर-वाडी घेतली आणि पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

यंदा मे महिन्यात मंगल म्हणाली, "ताईच्या शेजारचे दहा गुंठे विकायला निघालेत. पडेगावचा प्लॉट विकून टाकू."

आमच्या शहराच्या कडेचा हा प्लॉट मी पहिल्या गाडीच्या कमाईतून घेतलेला. तिथं बंगला बांधायचा हे वीस वर्षांपासून डोक्यात. मी म्हटलं, आधी बघून तर येऊ. खरं सांगायचं तर मी खोट शोधायला निघालो होतो. एक सापडली की प्लॉट वाचला.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. सिंधुदुर्गचं विमानतळ चिपीला आहे. विमान रोज असेलच असं नाही, तेव्हा आधी वार बघा आणि मग रजा मागा. आम्ही पहाटे निघून आमच्या गाडीनं पुणं गाठलं. नगरला मिसळ खाल्ली, एकूण सहा तास धरून चला. विमान पंख्याचं, छोटं. मागच्या सीटवर एकजण फोनवर सांगत होता, "आता आम्ही गावाला विमानानेच जातो रे." आमच्या गावाला एसटीला वळायला जागा नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.

तासाभरात तांबूस कातळाच्या पठारावर उतरलो. इमारत आपल्याकडच्या मोठ्या मंगल कार्यालयाएवढी, बॅगही लगेच हातात. मात्र बाहेर रिक्षांची रांग नसते. गाडी आधी सांगून ठेवा. आमच्या गाडीवाल्याला मी पहिला प्रश्न धंद्याचा विचारला, "इथं विहिरीला पाणी किती खोल?"

"बारा-पंधरा हात. खंय खंय तर वाकून कळशी भरूची," तो म्हणाला.

मे महिन्यात. मी खिडकीकडं तोंड केलं आणि भोगव्यापर्यंत रस्त्यालगतच्या विहिरी मोजत राहिलो.

माडांच्या सावलीत घर, अंगणात चिऱ्यांची विहीर, पाच मिनिटांवर समुद्र. काय काय बघून जळावं, माणसाची कुवत संपते. खोलीत शिरताच मंगलनं दोन्ही बादल्या, मग, टब, सगळं भरून ठेवलं. आमच्याकडं नळ आठवड्यातून एकदा येतो, हाताला वळणच पडलंय.

मंगलची बहीण शोभाताई दारात येऊन हसली. "अगं, इथं नळ जात नाय."

मग ती आत गेली आणि मोलकरणीला हळूच म्हणाली, "चहाला जारचं घे." बोअरच्या आवाजात राहून माणसं बहिरी होतात, माझे कान उलट तिखट झालेत. दगड बदलला की मला आवाजावरून कळतं. अंगणात विहीर असताना चहाला विकतचा जार कशाला?

दोन दिवस मजेत गेले. किनारा स्वच्छ, गर्दी नाही. पोहायचं तर गावकऱ्यांना विचारून उतरा. बांगड्याची थाळी तीनशेच्या आत मिळाली, सोलकढी जितकी मागाल तितकी. संध्याकाळी चारला विलासराव आणि शोभाताई ओट्यावर बसून कोकमं फोडायचे. ते काहीतरी पुटपुटायचे, ती पदर तोंडाला लावून हसायची. मंगल त्यांच्याकडं बघत राहायची आणि मी मंगलकडं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती पाण्याच्या आवाजानं. वर टाकीत धार पडत होती, पण विहिरीवरची मोटर गप्प होती. मग पाणी येतंय कुठून? गोठ्यामागं गेलो, तर बोअरचा पाइप. तेवढ्यात विलासराव तिथं आले.

"बोअर कधी मारली?" मी विचारलं.

"मागच्या उन्हाळ्यात. पाहुणे वाढले, विहीर खाली गेली. म्हटलं, दोनशे फूट जावं."

"इथल्या कुणाला विचारलं?"

"त्यात काय विचारायचं? आपल्याकडं पाणी आटलं की आपण खालीच जातो ना."

"आपल्याकडं खाली दगड असतो. इथं खाली समुद्र हाय, विलासराव. गोडं पाणी वर तरंगतं. तुम्ही खालून उपसलं, खारं वर आलं."

ते विहिरीकडं बघत म्हणाले, "विहीरपण मचूळ झाली. मंगलला बोलू नका. शोभाच्या जिवाला तुम्ही आल्यापासून घोर लागलाय."

हवी होती ती खोट समोर उभी होती. मंगलच्या कानावर एक वाक्य घातलं की प्लॉट माझा. पण चुकीची मोटर चालताना ऐकू आली की मला गप्प बसवत नाही, हा धंद्याचा रोग आहे. आधी बोअरचा फ्यूज काढून खिशात टाकला. विहीर सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास उपसायची, मध्ये हात लावायचा नाही, हे तीनदा वदवून घेतलं. परुळ्याच्या दुकानातून पाइप आणले, छपराचं पावसाचं पाणी वाळू-गोट्यांतून गाळून विहिरीत जाईल अशी जोडणी केली. सुट्टीचा शेवटचा दिवस त्यातच गेला. बायकांना सांगितलं, पन्हळ गळत होती.

परतीच्या विमानात मंगल म्हणाली, "पाणी मचूळ व्हतं. पहिल्याच अंघोळीला साबणाला फेस नाय."

"मग बोलली का नाहीस?"

"ताईनं तीन दिवस जारच्या पाण्यात रांधलं. तिनं झाकलेलं मी कशाला उघडू? तुम्हाला कधी कळलं?"

"चहालाच."

"आन् तुम्ही का नाय बोलले?"

मी पंख्याकडं बघितलं. मग विचारलं, "प्लॉटचं काय?"

"राहू द्या प्लॉट. भाऊजी रोज चारला ताईसमोर बसलेले असतात. तुम्ही चारला कोणत्या गावात असता, मला ठाऊक नसतं. तेवढ्यासाठी म्हणत व्हते."

मी मनात गावांची नावं मोजली. रविवारचीही त्यात होती.

तेव्हापासून रविवारी चारला फोन ड्रायव्हरकडं देतो आणि आम्ही दोघं चटई, थर्मास घेऊन पडेगावच्या प्लॉटवर जाऊन बसतो. रस्त्यावरचे ट्रक ऐकत चहा पितो. समुद्र नाही, पण वारं बरं असतं.

दिवाळीनंतर विलासरावांचा फोन आला. "पाणी गोड झालं हो. शेजारीपाजारी विचारतात, त्यांना सांगतो, आमच्या साडूला पाण्याचं कळतं."

बरं वाटलं. सासरे ऐकायला नव्हते एवढंच. पण विलासरावांच्या घरात मला एकच खोट सापडली होती, ती मीच बुजवून आलो होतो.

परवा पुन्हा फोटो आला. या वेळी समुद्राचा नाही, विहिरीचा. कठड्यावर चहाचे दोन कप. मी फुलंब्रीच्या माळावर होतो, बोअर नव्वद फुटांवर गेलेली, सगळा फुफाटा अंगावर. वेळ बघितली, चार. वार बघितला, बुधवार. चटई-थर्मासच्या रविवाराला अजून चार दिवस.