जयाबाईंचा टीव्ही आणि आयुषचा रविवार

टीव्हीवरचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून आयुषने आईला साउंडबार घेऊन दिला आणि बजावलं, "हात लावू नकोस, रविवारी येऊन मी जोडतो." जाता जाता हेही सांगितलं की रविवारी एक भाडेकरू घर बघायला येणार आहेत. विश्रांतवाडीचा फ्लॅट भाड्याने द्यायचा, आईने कोथरूडला त्याच्याकडे राहायचं. साउंडबार तिथेही लागेल. जयाबाई नको म्हणाल्या, तर चिरंजीव म्हणाले, "साधी वायर जोडता येत नाही तुला. एकटी कशी राहशील?"

"जोडू दिलीस कुठे?" हे उत्तर जयाबाईंना तो गेल्यावर सुचलं. मग त्या ज्या तापल्या! सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून केलेली, दिवे गेले तरी शीर शोधून सलाइन लावणारी बाई, आणि तिला वायर जमत नाही?

भिंतीवरच्या फोटोतल्या नवऱ्यालाही, बाबुरावांनाही, त्यांनी सोडलं नाही. "तुम्हीसुद्धा हेच. वायरीला हात लावायचा म्हटलं की, जया, तू राहू दे. बघा आता काय झालं ते."

त्यांनी पदर खोचला. टीव्ही वळवला, मागची धूळ पुसली. साउंडबारची बारीक वायर एका बाजूने बारमध्ये आणि दुसऱ्या बाजूने टीव्हीत खोचली. नीट बसेना, तेव्हा जोर लावून बसवली. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज बाहेरच्या स्पीकरवर टाकला. बारचा दिवा लागला, पण आवाज म्हणून येईना. सगळं काढून पुन्हा जोडलं, तरी तेच.

आता या घराची रीत सांगायला हवी. बाबुरावांच्या काळापासून इथे नव्या वस्तूचं प्लॅस्टिक कोणी काढत नाही. रिमोट पिशवीत, फ्रिजच्या मुठीला कव्हर, खुर्च्यांची तर कंपनीची पिशवीही जागची हललेली नाही. वायरीच्या टोकांवर पारदर्शक टोपणं होती, ती जयाबाईंनी त्याच शिस्तीने राहू दिली होती. धूळ नको जायला.

वायर हातात घेऊन पाहताना त्यांना स्वतःचंच हसू आलं. सुईचं टोपण न काढताच सुई टोचायला निघाल्या होत्या की त्या. दोन्ही टोपणं काढली, वायर अलगद आत बसली आणि बातम्या देणारी बाई अशी कडाडली की शेजारच्या मंदाकिनीबाई दारात आल्या. जयाबाईंना फार, फार आनंद झाला. त्याच जोरावर त्यांनी बाबुरावांचा जुना डीव्हीडी प्लेअरही टीव्हीला जोडून टाकला.

रविवारी आयुष भाडेकरूंना घेऊन आला. टीव्ही खणखणीत चालू होता.

"कोणाला बोलावलंस जोडायला?"

"मीच जोडला."

त्याने वाकून टीव्हीमागची वायर पाहिली. मग म्हणाला, "बरं झालं. पण उद्या बिघडला तर काय करशील, आई?"

"दुरुस्त करीन. नाही जमलं तर मुका टीव्ही बघीन. पण माझ्या घरात बसून बघीन."

मग त्यांनी भाडेकरूंना बसवलं, पोहे दिले, आणि घर भाड्याने द्यायचं नाही हे शांतपणे सांगितलं.