पांढऱ्या ठिपक्याची रेकॉर्ड

अडीच वर्षांत मी चार रेकॉर्ड प्लेअर बदलले. नवरा म्हणतो, एवढ्या वेळा आपण घरातले पंखे पुसले नसतील. त्याचं काय जातंय म्हणायला! चौथा आला त्या दिवशी खोक्याकडे बघून त्याने एवढंच विचारलं, "हा कुठे झोपणार?" कारण तिसरा दिवाणाखाली होता, दुसरा माझ्या दवाखान्यात कपाटावर होता आणि पहिला मी वैतागून कामवाल्या ताईंना देऊन टाकला होता.

मी जळगावात दातांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात सुया आणि ड्रिल धरून असते, हात तसूभर हलत नाही. जीव मात्र एका जागी ठरत नाही. पण या चार मशीनमागे नुसती हौस नव्हती. मला एकच रेकॉर्ड धडपणे वाजवायची होती आणि ती माझ्या वडिलांना, आबांना, ऐकवायची होती. त्यांचे कान पूर्ण जायच्या आत.

आबांची सोनगीरला लाउडस्पीकर सर्व्हिस होती. दोन कर्णे, एक अॅम्प्लिफायर, एक बॅटरी आणि पत्र्याच्या दोन ट्रंका भरून रेकॉर्डी. लग्नसराईत ते घरी फक्त आंघोळीला यायचे. प्रत्येक रेकॉर्डच्या कव्हरवर त्यांनी ऑइलपेंटने ठिपके दिलेले. पिवळा ठिपका हळदीला, लाल वरातीला. पांढरा ठिपका एकाच रेकॉर्डवर होता. सनई आणि सोबत चौघडा. नवरीला वाटे लावताना, म्हणजे ती सासरच्या गाडीत बसायला निघाली की, ही लागायची. ती वाजली की बाया पदर डोळ्यांना लावायच्या, पुरुष उगाच गाडीचे टायर तपासायचे.

माझ्या लग्नात मात्र ती वाजलीच नाही. आबांनी उभ्या आयुष्यात मशीनला दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नव्हता, आणि त्या दिवशी ते नवरीचे बाप होते. पाहुण्यांच्या पाया पडायचं की सुई ठेवायची? मी वाजंत्रीशिवायच गेले. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. मला एकदाचं निघायचं होतं.

आबा आता धुळ्याला भावाकडे असतात. अडीच वर्षांपूर्वी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वय आहे, शिवाय जन्म कर्ण्यांजवळ गेला, ऐकू येणं हळूहळू कमी होत जाणार. त्या दिवशी जेवताना आबा सहज बोलून गेले. ते अहिराणीत बोलतात, मी मराठीत उत्तर देते, वर्षानुवर्षं आमचं असंच चालतं.

"बठ्ठा गावन्या पोरी वाटे लाव्या मी," ते म्हणाले. "पन ती रेकॉर्ड समोरथीन एकदा बी आयकी नही."

खरंच होतं. गावच्या सगळ्या पोरी त्यांनीच वाटे लावल्या होत्या. कर्णे मांडवाच्या समोर, गावाकडे तोंड करून बांधलेले. आबा नेहमी त्यांच्या पाठीमागे, पडद्याच्या आड, मशीनवर वाकलेले. अख्ख्या गावाने जे समोरून ऐकलं ते त्यांनी जन्मभर मागून ऐकलं. मी म्हटलं, "आबा, मी ऐकवते तुम्हाला. समोरून." आणि दोन्ही ट्रंका गाडीत टाकून पारोळा-एरंडोल मार्गे जळगावला घेऊन आले.

पहिला प्लेअर ऑनलाइन मागवला. सुटकेससारखा दिसणारा, लाल, गोंडस. त्यावर सनई अशी वाजली की शेजारच्या काकूंनी विचारलं, मिक्सर बिघडलाय का? दुसरा पुण्याहून आणलेला जुना जपानी. मशीन जातिवंत होतं, पण त्यात सतत घूंऽऽ असा आवाज. तीन वायरमन झाले. एकाने अर्थिंगला नवा खड्डा खणून कोळसा-मीठ घातलं, त्यात माझी मोगऱ्याची कुंडी गेली. घरघर तिथेच. मग तिसरा, रबरी पट्ट्यावर फिरणारा, दिसायला देखणा. तो मार्चपर्यंत गुणी बाळासारखा वागला. मे महिन्यात जळगावच्या उन्हाने पट्टा ढिला पडला आणि सनई म्हशीसारखी हंबरायला लागली. कंपनीला फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, मॅडम, मशीन थंड जागी ठेवा. मी म्हटलं, बाई गं, मे महिन्यात जळगावात थंड जागा सापडली तर आधी मी बसेन तिथे.

आबा भावाच्या फोनवरून विचारत राहायचे, "लागनी का?" मी म्हणायची, थांबा थोडं आबा, मशीन नीट होऊ द्या. दिवाळीत म्हटलं, अक्षय्य तृतीयेला म्हटलं. ते म्हणायचे, बरं. दर वेळी मला थोडं अधिक मोठ्याने सांगावं लागायचं, पण माझं लक्ष मशीनकडे होतं.

चौथा प्लेअर म्हणजे थेट मोटरवर फिरणारा, जड. त्याच्या आर्मचं, म्हणजे सुईच्या दांडीचं, वजन अगदी बारीक जुळवता येतं. सुई हिऱ्याची आणि टोकाला इतकी नाजूक की तिच्याकडे बघताना मी श्वास रोखते. घरासमोरून केळीचे ट्रक जातात, फरशी हादरते, म्हणून खाली कडप्प्याची फळी आणि फळीखाली स्कूटरची जुनी ट्यूब. सुईचा भार मी दोन ग्रॅमपेक्षा कमी ठेवला. सगळं जिथल्या तिथे. रेकॉर्ड लावली, आणि खरखर पूर्वीपेक्षा दुप्पट.

मी हादरले. म्हणजे मशीन सुधारलं तसा दोषच स्वच्छ ऐकू यायला लागला! दुसऱ्या दिवशी ती आणि ट्रंकेतल्या आणखी दोन-तीन रेकॉर्डी दवाखान्यात नेल्या आणि दात बघायच्या भिंगाखाली धरल्या. बाकीच्या रेकॉर्डींच्या खाचा ठीक होत्या, थोड्या झिजलेल्या. पांढऱ्या ठिपक्यावाल्या रेकॉर्डच्या खाचांच्या भिंती मात्र तासून काढल्यासारख्या. अशी झीज मी रोज बघते. लोक दात स्वच्छ व्हावेत म्हणून ब्रश दाबून दाबून घासतात आणि हिरडीपाशी दातच खाऊन टाकतात. कोणीतरी ही रेकॉर्ड दाबून घासली होती. तिचं कव्हर उलटंसुलटं केलं तर आत चिकटपट्टीने चिकटवलेली दोन नाणी सापडली. चार-चार आण्यांची.

रविवारी मी तडक धुळ्याला गेले. भांडायलाच गेले, खोटं कशाला बोलू! नाणी आबांपुढे ठेवली आणि ओरडून विचारलं, हे काय आहे?

आबांना ती बघून आनंदच झाला. सांगायला लागले. मांडवात पोरं नाचतात, जमीन हलते, सुई उडते. मग दांडीच्या डोक्यावर चार आणे चिकटवायचे, सुई जागची हलत नाही. "सगळ्या रेकॉर्डींना?" मी विचारलं. नाही, नेहमी एकच नाणं. पण पोर वाटे लावताना सुई उडाली, सनई मध्येच अडखळली, तर तो अपशकुन. मुलीच्या आईच्या काळजाचा ठोका चुकतो. आयुष्यभर ती म्हणत राहील, तेव्हाच वाजंत्री अडली होती.

"म्हनीसन तिले दोन," आबा म्हणाले.

मी कपाळावर हात मारून घेतला. जिला सगळ्यात जपायचं तिच्यावरच दुप्पट वजन! शेकडो मुलींचा संसार सुखाचा व्हावा म्हणून माझ्या बापाने आपली सर्वांत लाडकी रेकॉर्ड स्वतःच्या हाताने मारली होती. मला राग आला होता, तो कुठे ठेवावा कळेना. वहिनीने दिलेला चहा तसाच ठेवून मी निघाले.

तरी मी थांबले नाही. दुसरी प्रत शोधली. रेकॉर्ड काढणारी कंपनी केव्हाच बुडालेली, फोनवरही ती सनई कुठे नाही. मग खाचा धुवायचं द्रावण आणलं, मऊ ब्रश आणला, आणखी एक सुई आणली. खरखर थोडी कमी व्हायची, दोन दिवसांनी वाटायचं की नाही झाली. पेशंटच्या दाढेत सिमेंट भरताना मला खरखर ऐकू यायला लागली होती. नवरा म्हणाला, "अगं, आहे तशी ऐकव ना त्यांना." मी त्याच्यावर खेकसले.

शेवटी आबाच आले, कवळीसाठी. खालचे शेवटचे दात मीच काढले होते, आता माप द्यायचं होतं. दुपारचे जेवून बसलो. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी कालवून खाल्लेली, आबांच्या तोंडाचं बोळकं, कानात यंत्र. समोरच्या खोलीत त्यांनी मशीन पाहिलं, बाजूला पांढरा ठिपका पाहिला आणि खुर्ची ओढून स्पीकरच्या बरोबर समोर बसले. आता कुठल्या तोंडाने थांबा म्हणणार?

मी पंखा बंद केला. म्हटलं, "आबा, खरखर फार आहे हं. अजून काम बाकी आहे." सुई ठेवली. खरखर सुरू झाली, तव्यावर फोडणी तडतडावी तशी. मी ओशाळून आवाज कमी करायला गेले तर ते म्हणाले, "वाढाव ना."

"खरखर वाढेल."

"कशानी खरखर?" आबा म्हणाले. "माले ते काही आयकू येत नही."

डॉक्टरांनी काढलेला त्यांच्या कानांचा आलेख माझ्याच कपाटात होता. उजवीकडे उतरत गेलेली रेघ, वरच्या पट्टीतलं, खरखरीसारखं बारीक, सगळं गेलेलं. मी डॉक्टर, पण तो कधी नीट वाचलाच नव्हता. ज्या आवाजाशी मी अडीच वर्षं झुंजत होते तो त्यांना ऐकूच येत नव्हता. तो फक्त माझा होता. पहिल्या त्या लाल सुटकेसवर लावली असती तरी चाललं असतं, आणि तेव्हा त्यांचे कान आजच्यापेक्षा कितीतरी चांगले होते.

"सनई ऐकू येते का?" मी मोठ्याने विचारलं.

ते डोळे मिटून होते. "चौघडा येस," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "सनई बी येस. पन माघथीन येस तशी."

समोर बसूनही मागूनच. मी आवाज वाढवला, होता तेवढा सगळा. शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. येऊ देत. सनई वर चढायला लागली, आणि जिथे खाच सगळ्यात झिजली होती तिथे माझी ती नाजूक, महागडी सुई उडाली. तोच तुकडा पुन्हा. पुन्हा उडाली. आबा खुर्चीतून उठलेच. चेहरा असा झाला की जणू मांडवात नवरी पाऊल उचलून थांबली आहे.

"चार आना ठेव!" ते ओरडले. "ठेव लवकर!"

नाणी त्याच कव्हरमध्ये होती, मीच परत ठेवलेली. मी एक काढलं आणि त्या आर्मच्या डोक्यावर ठेवलं. मग दुसरंही ठेवलं. सुई खाचेत रुतली, उडायची थांबली आणि सनई पुढे गेली. आता खाचेत जे काही उरलं असेल तेही जाणार, हे मला कळत होतं.

बाजू संपत आली तसे आबा मशीनजवळ सरकले. सनई शेवटच्या सुरावर आली आणि त्यांचा हात पुढे झाला, सवयीने, सुई उचलायला. मी तो मध्येच धरला.

"बसा आबा," मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं. "मी उचलते. आज तुम्ही नवरीकडचे."

त्यांना ऐकू आलं असावं. ते माझ्याकडे बघत खुर्चीवर बसले आणि त्यांनी खांद्यावरचा टॉवेल डोळ्यांना लावला.