पाण्यावर फोडलेलं खापर

पेणच्या बाजारपेठेत, गणपतीच्या एका कारखान्याच्या माडीवर अनिताने ब्युटी पार्लर काढलं, तेव्हा खाडीकाठच्या तिच्या गावात बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मिठागरावर पाट्या वाहणाऱ्या घरातली पोर, आणि लोकांच्या भुवया कोरणार! पण नव्वदीचं दशक निम्म्यावर आलं, घरोघरी टीव्ही लागले, आणि त्याच बायका लेकींना घेऊन जिना चढू लागल्या. अनितालाही मग तोरा आला. तो होता ज्ञानाचा.

पनवेलला कोर्स करताना तिला श्यामलाताई शिकवत. त्या रसायनशास्त्र शिकलेल्या. केस कुरळे कसे करायचे हे सांगण्याआधी त्यांनी केस म्हणजे काय ते सांगितलं. केस म्हणजे प्रथिन, आणि प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लांबलचक माळ. प्रत्येक मण्याचा स्वभाव निराळा. कुणाला पाणी प्रिय, तर कुणी पाणी दिसलं की आत तोंड लपवणार. माळ कुठे वळणार, कुठे दुमडणार हे त्या स्वभावांवरून ठरतं, आणि तिच्या वळणावरून तिचं काम. केसात सिस्टीन नावाचा मणी फार. त्यात गंधक असतं. असे दोन मणी एकमेकांचे हात घट्ट धरतात, म्हणून केसात बळ. पहिलं औषध ते हात सोडवतं, दुसरं नव्या वळणावर पुन्हा धरायला लावतं.

"आणि मधे पाणी," श्यामलाताई बजावत. "भरपूर. पहिलं औषध आत राहिलं तर हात धरले जात नाहीत. केस तुटतो."

बाकीच्या मुली जांभया देत. अनिताला मात्र सगळं पाठ झालं. पुढे गिऱ्हाइकाच्या डोक्यावर हात चालवता चालवता ती हे मणीपुराण ऐकवी, आणि गिऱ्हाईक भारावून जाई.

गावातल्या शेजारच्या बायजाबाईची लेक प्रतिक्षा रोह्याच्या हरेशला द्यायची ठरली, तेव्हा तिचे केस कुरळे करायला अनिताशिवाय कोण? हळदीच्या आदल्या दिवशी ती सामान घेऊन गावातच गेली. वैशाख होता. खाडीकाठच्या खारेपाटात वैशाखातलं पाणी म्हणजे काय, ते तिथल्या बाईलाच विचारावं. बांधावर एक नळ, त्याला ही रांग, आणि तिथून उन्हातान्हात डोक्यावर हंडे. पहिलं औषध धुवून काढायला बायजाबाई आणि तिच्या जावा हंडा आणून ओतायच्या, तो मोरीतून वाहून जायचा. अनिताही याच नळावर वाढलेली. बायजाबाईच्या मानेवरचा घाम पाहून ती म्हणाली, "बास काकी, झालं."

केसांना पहिल्या औषधाचा कुजक्या अंड्यासारखा वास अजून होता. तिला तो येत होता.

हळदीच्या सकाळी प्रतिक्षाच्या फणीत केस आले. मग मूठभर आले. कमरेपर्यंतचे केस मानेशी तुटून हातात येऊ लागले, तशी बायजाबाई धावत आली. "अनिता गो, ह्ये काय झालं?"

आळीभरच्या नजरा अनितावर होत्या. तिने खरं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर भलतंच आलं. "काकी, औषध चांगलं होतं. तुमचं पाणीच खारट. त्यात मणी सुटतात."

शास्त्राच्या नावाने सांगितलेलं, खोडून काढणार कोण? बायजाबाईने मान खाली घातली. "व्हय गो. आमचंच पानी वायट."

खोट्या केसांचं गंगावन लावून लग्न लागलं. अनिता शेवटच्या पंगतीलाही थांबली नाही. तिला लाज वाटत होती, चांगली जिवाला लागणारी. पण माणूस लाजेलाही सरावतं, आणि पार्लर झकास चाललं होतं.

वर्षाने एका दुपारी बायजाबाई पिशवी सावरत जिना चढून आली. अनिता एका बाईची भुवई कोरत होती.

"रोह्याला चाललीय," बायजाबाई म्हणाली. "प्रतिक्षाचं दिवस भरलेत."

"पहिलं बाळंतपण ना काकी? मग माहेरी का नाही आणलंत?"

"खोली सारवलेली, बाज विनून घेतलेली. पन विहीनबाई नाय बोलल्या. ज्या पान्यानं केस गेले, त्यात बाळाला कसं न्हाऊ घालू द्यायचं? मी तरी काय बोलू? त्यांचं खरंच हाय." तिने आवाज खाली आणला. "तुला त्यातलं कळतं, म्हून इचारते. पोर जरा मोठं झालं की आणू गावाला? का तवापन नको?"

अनिताने भुवईवरचा दोरा बाजूला ठेवला. आपण खापर पाण्यावर फोडलं आणि ते या बाईच्या कपाळात बसलं, हे तिला आज कळत होतं. भुवई अर्धी राहिलेल्या बाईसमोरच तिने सगळं सांगितलं. वास येत होता तेही सांगितलं.

बायजाबाईने पिशवी खाली ठेवली.

"म्हंजी आमचं पानी चांगलं व्हतं?"

"हो काकी."

"आन मी वरीसभर विहिनीफुडं मान घालून बसले." तिने पिशवी उचलून अनिताच्या हातात दिली. "मग चल. गाडीला येळ हाय. तिथं समद्यांसमोर सांग. तुझ्या त्या मन्यांसकट."