पाणी कुठवर आलंय?

आठवीतनं शाळा सोडून मी मदुराईला गलाईच्या, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करायच्या, दुकानात आलो. पुढचं जे काही जग कळलं, ते दुकानातल्या टीव्हीच्या बातम्यांनी. तेव्हा त्यात संथ बोलणारी माणसं असत. कुठं काय झालं ते सांगत आणि थांबत. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

आज कृष्णेला पूर होता. आमचं गाव काठावरचं, आणि आई तिथं एकटी. दुपारपासून जीव थाऱ्यावर नव्हता. पडद्यावर चौकटी-चौकटींतली तोंडं एकदमच ओरडत होती. धरणाचं पाणी सोडलं कुणी, पाप कुणाचं! बघता बघता माझ्यासोबत भट्टीवर काम करणारा दिलीप उसळला, "ही तुझ्याच पक्षाची करणी!" मीही भट्टी सोडून उठलो. "तू गप रं, चमच्या!" एरवी आम्ही एका ताटात जेवतो. दुकानातले म्हातारे नामूकाका मधेमधे विचारत होते, "आरं, पर पाणी कुठवर आलंय?"

त्यांच्याकडं कुणी वळूनही बघितलं नाही. हल्ली लग्नाच्या मांडवात, गावच्या पारावर, सगळीकडं हेच. साधं विचारणाऱ्याचा आवाज बारीक पडतो.

तेवढ्यात आईचाच फोन आला. "आरं, हितं लाईट न्हाई. टीव्हीत काय सांगत्यात? निघू का घरातनं?"

इतका वेळ बातम्या बघूनही मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. नुसत्या अंदाजानं मी म्हणालो, "नीघ, आई."