न उचललेला भंडारा

पिंपळगावच्या रेणुकाईपुढं कारभारीनं भंडारा उचलला न्हाई, तिथंच त्याचा संसार मोडला. काकासाहेब पाटलाची कडब्याची गंजी जळाली होती अन् संशय ह्याच्यावर. पोलिसाच्या अमीनानं त्याला देवळात नेलं. "उचल भंडारा, घे शपथ." पण भावकीत बाळंतपण झालेलं, सोयर चालू. विटाळाच्या हातानं देवीला शिवायचं कसं? कारभारी मागं सरला. "आज शिवत न्हाई," एवढंच बोलला. कारण साऱ्या गावाला ठाऊक, मंग सांगायचं काय? अन् गावानं पाटलाच्या धाकानं मूग गिळले. शपथ टाळली म्हणजे गुन्हा केला, असं धरून सजा झाली. औरंगाबादच्या कोर्टानंही ती कायम केली.

मागं उरलेल्या त्याच्या बायकोला, साळूबाईला बघून पाणवठ्यावर बाया घागरी उचलून घ्यायच्या. एक दिवस ती उठली अन् जालन्याला मार्तंड वकिलाच्या ओसरीवर जाऊन बसली.

"हैदराबादेला अपील होईल," वकील म्हणाले, "पण फक्त कायद्याच्या मुद्द्यावर. शपथ नाकारली, हा पुरावा धरता येतो का, एवढंच विचारायचं."

"अन् सोयर होती, त्ये?"

"ते खालच्या कोर्टात सांगायचं होतं. आता नवी हकीकत घेत नाहीत."

"मंग खरं कुठं सांगावं, सायेब?"

वकिलांनी चष्मा पुसला. "खरं सांगायची जागा मागं राहिली, बाई. ह्या अपिलाच्या कागदावर त्याचा अंगठा आण. जल्दी कर, मुदत सरत आली."

तुरुंगात कारभारी पार वाळून गेल्ता. गजांतून त्यानं कागद घेतला, उलटासुलटा केला. कोर्टाच्या उर्दूतलं लिहिणं, दोघांनाही त्यातलं काही कळत नव्हतं.

"साळे, सोयरीचं लिवलंय का ह्यात?"

"अवं, आंगठा द्या आधी. शिपाई बघून राह्यला."

"न्हाई. देवीला नाकारलं, एवढंच असंल तर म्या आंगठा देत न्हाई. कायद्याच्या आडून सुटला म्हंतील. त्यापरीस हितंच मरंन."

साळूबाईनं त्याच्या मनगटाकडं बघितलं. बेडी ढिली झाल्ती.

"लिवलंय की," ती म्हणाली. "बिलकुल पैल्या वळीत."

"कुठं?"

तिनं वरच्या ओळीवर बोट ठेवलं. कारभारीनं त्या ओळीला हात लावला, तो कपाळाला टेकवला, अन् मंग शाईसाठी अंगठा पुढं केला.